बिलच्या आईकडे काळं झालंय

शब्दकोश मिटून ठेव, ब्रिख्ती.
रात्रपाळीत त्याचा उपयोग एवढाच,
की डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली बरोबर बसतो.

पहिल्या दिवशी हॉरेस मला बदक म्हणाला.
सरळ तोंडावर: चहा आण गं, बदका.
असमारात दहा वर्षं मी भूगोल शिकवला होता.
डर्बीशायरच्या या वृद्धाश्रमात
चादरींच्या खोलीत जाऊन रडले.
दुसऱ्या दिवशी तो पोस्टमनलाही बदक म्हणाला,
मग डॉक्टरला, मग मॅनेजरबाईंना,
ज्या आल्या की आम्ही सगळ्या उभ्या राहतो.
कुणी रागावलं नाही.
डॉक्टरने तर त्याची टोपी सरळ केली.
शिवी कुणी इतकी सारखी वाटत नाही.

एनिडच्या वेळी मात्र फसले.
म्हणाली, मला एक पेनी खर्च करायचीय.
मी पर्स उपसली. सापडली एक, काळपट.
तिच्या तळहातावर ठेवली.
तिने नाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
गुडघे एकमेकांना घट्ट लावले
आणि दाराकडे बघत राहिली.
सगळं होतं गं समोर: गुडघे, दार, कपाळावरचा घाम.
मी पेनीतच अडकले.
मग चादर बदलली, पायमोजे बदलले.
ती सॉरी म्हणत राहिली, आणि चूक माझी.

म्हणून सांगते, जो शब्द अडतो
त्याच्याशी झटापट करू नकोस.
त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी कर.

बिलचंच घे.
बिलच्या आईकडे काळं झालंय, हॉरेस म्हणायचा.
मी रजिस्टर चाळलं. चोवीस नावं. बिल नाही.
डोरीनला विचारलं, बिलची आई आजारी आहे का?
ती इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली.
सांगितलं मात्र काही नाही.
तिसऱ्या वेळी मी हॉरेसचं तोंड सोडून नजर पकडली.
नजर टेकडीपलीकडे, बंद गिरणीच्या चिमणीवर.
तिथलं आभाळ शिळ्या जखमेच्या रंगाचं.
बाहेर दोरीवर माझ्या अकरा चादरी!
धावले. शेवटची काढली
आणि मनगटावर थेंब पडला.
बिल कोण, अजून माहीत नाही.
गावात कुणालाच नाही.

सगळंच असं उलगडत नाही, हेही सांगून ठेवते.
'तितकं वाईट नाही'
एनिड म्हणाली, तर मजेत आहे समज.
हॉरेस म्हणाला, तर त्याचा कप बघायचा.
चहावर साय धरली असेल तर दुखतंय.
तेच तीन शब्द.
नऊ महिने मी दोघांनाही नुसतं 'छान' म्हणत गेले.

मार्चमध्ये एका सकाळी
डोरीन फोनवर हळूच म्हणाली,
हॉरेसचे लाकडी बूट उडाले.
मी वर गेले. लाकडी बूट त्याच्याकडे कधी नव्हतेच.
सपाता पलंगाखाली, एकमेकींना लागून.
खिडकी सताड उघडी, एवढ्या थंडीत.
गादीवर चादर नाही.
रेडिओ बंद,
आणि रेडिओला तो कुणाला हात लावू देत नसे.
सगळे शेजारीपाजारी एकदम बोलायला लागले, ब्रिख्ती,
आणि मला पहिल्यांदाच वाटलं,
हे एक वाक्य आपल्याला कळू नये.

खाली आले. एनिड विणत होती.
माझ्या तोंडून निघालं,
बिलच्या आईकडे काळं झालंय.
तिने खिडकीबाहेर पाहिलं.
आभाळ धुतल्यासारखं निळं, ढगाचा ठिपका नाही.
मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.
मग लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन
शेजारची खुर्ची रिकामी केली.

घंटा वाजतेय. सात नंबर.
जा तू. काय म्हणतात ते नंतर ऐक,
आधी हात कुठे आहेत ते बघ.